क्युबिट किती, यापेक्षा क्युबिट टिकतो किती?

ऑगस्ट २०२४ मध्ये बातमी आली की मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत ६ क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक) क्वांटम प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा आणि टीसीएस या कामात सोबत होते. त्याच वर्षी डिसेंबरात गुगलने ‘विलो’ ही १०५ क्युबिटची चिप जाहीर केली. त्याच्याही वर्षभर आधी आयबीएमने १,१२१ क्युबिटची ‘काँडोर’ दाखवली होती. हे आकडे शेजारी मांडले की शर्यत कोण जिंकतंय हे उघड दिसतं, असं कुणालाही वाटेल. तरीही या विषयातल्या लोकांनी सर्वांत जास्त दखल घेतली ती मधल्या, १०५ च्या चिपची. त्या चिपवर साठवलेली क्वांटम माहिती सरासरी २९१ मायक्रोसेकंद टिकली, म्हणून.

मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पापणी लवायला २९१ मायक्रोसेकंदांच्या कित्येक पट वेळ लागतो. एवढ्याशा अवधीचं कौतुक का, हे कळलं की क्वांटम संगणकाच्या पुढच्या बातम्या वाचायला बऱ्याच सोप्या जातात.

## क्युबिट विसरतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या संगणकातला बिट ० असतो किंवा १. क्युबिट हा क्वांटम संगणकाचा बिट, आणि तो एकाच वेळी दोन्ही अवस्थांच्या मिश्रणात राहू शकतो. या मिश्रणात दोन गोष्टी नोंदलेल्या असतात: ० चा वाटा किती आणि १ चा किती, ही एक, आणि त्या दोन भागांच्या स्पंदनांमधलं अंतर, ही दुसरी. या अंतराला फेज म्हणतात. क्वांटम गणिताची सगळी करामत या फेजवर चालते, कारण चुकीची उत्तरं एकमेकांना खोडतात आणि बरोबर उत्तर उरतं ते फेजच्या जोरावर.

फेज मात्र फार नाजूक असते. जवळपासच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित फरक पडला, एखादा भरकटलेला प्रकाशकण येऊन आदळला, तरी ती सरकते. त्याहून वाईट म्हणजे, तो प्रकाशकण जाताना क्युबिट ० मध्ये होता की १ मध्ये याची खूण सोबत घेऊन जातो. ती खूण कुणी वाचायलाही लागत नाही. माहिती बाहेर गेली, एवढं मिश्रण मोडायला पुरेसं असतं. परिसराशी अशी देवाणघेवाण होऊन क्वांटमपण ओसरत जाणं, यालाच डिकोहिअरन्स म्हणतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ डीटर त्से यांनी १९७० मध्ये हा विचार मांडला तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. आज तीच या उद्योगाची मुख्य डोकेदुखी आहे.

## मग आणखी थंड करा की!

हा आक्षेप साहजिक आहे, आणि काही अंशी तो अमलातही आलेला आहे. गुगल, आयबीएम आणि टीआयएफआर वापरतात ते क्युबिट म्हणजे चिपवर काढलेली अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारी, विद्युत मंडलं. असं एक अख्खं मंडल एखाद्या अणूसारखं क्वांटम नियमांनी वागतं, हे जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ च्या सुमारास बर्कलीत दाखवलं होतं. २०२५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच होतं. ही मंडलं हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतकात साधारण १० ते २० मिलिकेल्विनवर ठेवतात. म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा फक्त शंभरावा भाग. ताऱ्यांमधली पोकळी याच्या शंभरपटीहून जास्त उबदार असते.

पण या पातळीला पोचल्यावर उष्णता हा मुख्य शत्रू उरतच नाही. उरतात ते घरभेदी. चिपच्या धातूवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर जमतो. त्यात काही अणू दोन जागांमध्ये उड्या मारत राहतात आणि त्या उड्यांसाठी क्युबिटची ऊर्जा शोषून घेतात. तापमान आणखी उतरवून हे थांबत नाही, त्यासाठी सामानच बदलावं लागतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या गटाने ॲल्युमिनियमऐवजी टँटलम आणि नीलमच्या जागी शुद्ध सिलिकॉन घेऊन २०२५ मध्ये क्युबिटचं आयुष्य १ मिलिसेकंदाच्या पुढे नेलं. १९९९ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीत पहिला अतिवाहक क्युबिट चालला तेव्हा तो टिकला होता जेमतेम एक-दोन नॅनोसेकंद. पंचवीस वर्षांत सुमारे दहा लाख पटींची ही मजल आहे. बातम्यांमध्ये धातुशास्त्राला कुणी विचारत नाही, पण या मजलेत त्याचा वाटा मोठा आहे.

आणि मग वरून येतात वैश्विक किरण. त्यांच्यापासून तयार झालेले म्युऑन नावाचे कण छप्पर, शीतक, सगळं भेदून चिपमध्ये शिरतात आणि एका तडाख्यात अनेक क्युबिट एकदम बिघडवतात. २०२० मध्ये एमआयटीच्या गटाने अशा किरणोत्साराचा परिणाम मोजला, तेव्हापासून काही प्रयोग चक्क डोंगराखालच्या प्रयोगशाळांत हलवण्यात आले. इटलीतली ग्रान सासो ही त्यांतली एक.

सामान सुधारण्यासोबत आणखी एक युक्ती बरीच जुनी आहे. एर्विन हान यांनी १९५० मध्ये दाखवलं की फेज संथपणे एका बाजूला सरकत असेल, तर अर्ध्या वाटेवर क्युबिट उलटा करायचा. पुढच्या अर्ध्यात तो तितकाच विरुद्ध बाजूला सरकतो आणि चूक फिटते. हे पुन्हा पुन्हा, ठरावीक वेळांनी केलं की बराच फायदा होतो. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या गटाने २०११ मध्ये याच कुळातली पद्धत वापरून अणुगर्भांच्या जोडीतला क्वांटम संबंध जास्त वेळ टिकवून दाखवला होता. पण ही युक्ती संथ चुकांनाच लागू पडते. अचानक बसलेला फटका तिला परतवता येत नाही.

## प्रत काढून ठेवली तर?

साध्या संगणकातही बिट उलटतात, आणि आपण त्यावर केव्हाच तोडगा काढला आहे. एकाच्या तीन प्रती ठेवा, एक बिघडली तर उरलेल्या दोघींचं ऐका. क्युबिटबाबत ही वाट पहिल्याच पावलाला बंद होते. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये वूटर्स व झुरेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डिक्स यांनी, सिद्ध केलं. यंत्रं सुधारली की ही अडचण जाईल असं नाही, निसर्गनियमच तसा आहे. त्यात भर म्हणजे क्युबिट मोजला की त्याचं मिश्रण मोडतं. म्हणजे प्रत काढायची नाही, आणि बघायचंही नाही!

त्यामुळे नव्वदच्या दशकात बऱ्याच दिग्गजांना क्वांटम संगणक हा कागदावरचा खेळ वाटत होता. १९९६ मध्ये सर्ज अरोश आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे स्वप्न आहे की दुःस्वप्न, असा प्रश्न उघडपणे विचारला. अरोश काही बाहेरून शेरे मारणारे नव्हते. डिकोहिअरन्स घडताना प्रयोगशाळेत टिपणाऱ्या पहिल्या लोकांपैकी ते एक, आणि २०१२ च्या नोबेलचे मानकरी.

मात्र १९९५ मध्येच पीटर शोर यांनी वाट शोधली होती. एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटमध्ये पसरवायची, पण प्रतींच्या रूपात नव्हे. ती ठेवायची त्यांच्या आपसांतल्या नात्यांमध्ये.

## न बघता चूक कळते कशी?

इथे एक ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. शेकडो वादक ओळीने उभे आहेत. कोणता ठेका चालू आहे हे गुपित आहे, आणि ते कुणालाही कळता कामा नये. कळलं की ठेकाच मोडेल, अशी अट. वादकांच्या मधे काही कार्यकर्ते उभे केलेत. कुठल्याही एका वादकाचं वाजवणं ऐकण्याची त्यांना मनाई आहे. त्यांनी एवढंच सांगायचं की माझ्या दोन बाजूंचे वादक एकमेकांशी जुळताहेत की नाही.

आता समजा मधल्या एका वादकाचं टिपरू चुकलं. त्याच्या डावीकडचा कार्यकर्ता म्हणतो, जुळत नाही. उजवीकडचाही तेच म्हणतो. बाकी सगळीकडे जुळतंय. दोन तक्रारींच्या मधे कोण उभा आहे हे बघितलं की चुकलेला सापडतो, त्याला खूण करून परत आणता येतं. या सगळ्यात ठेका कोणता होता, हे एकालाही कळलेलं नाही.

क्वांटम स्मृती अशीच राखतात. माहितीचे क्युबिट वेगळे, तपासणारे क्युबिट वेगळे. तपासणारा आपल्या चार शेजाऱ्यांबद्दल मिळून एकच प्रश्न विचारतो आणि ‘जुळतं’ किंवा ‘जुळत नाही’ एवढंच उत्तर आणतो. क्युबिटच्या चुका दोन जातींच्या असतात, ० चं १ होणं आणि फेज उलटणं. म्हणून तपासणारेही दोन जातींचे असतात आणि जाळीत एकाआड एक बसवलेले असतात. जाळीची ही मूळ कल्पना रशियन शास्त्रज्ञ अलेक्सी किताएव यांची, १९९७ ची. आज तिला सरफेस कोड म्हणतात. अनेक क्युबिट मिळून राखलेल्या त्या एका क्युबिटला म्हणायचं तार्किक क्युबिट.

## चूक अर्धवट झाली तर?

ही शंका चांगली आहे, आणि मला स्वतःला या विषयातलं सर्वांत देखणं उत्तर इथेच दिसतं. फेज किंचित सरकू शकते, थोडी जास्त सरकू शकते. अशा अगणित बारीक चुका ‘हो-नाही’च्या प्रश्नाने कशा पकडणार?

तपासणीचा प्रश्न विचारला की निसर्गाला त्या दोनच उत्तरांपैकी एक द्यावं लागतं. किंचित सरकलेल्या क्युबिटबाबत उत्तर बहुतेक वेळा ‘जुळतं’ असं येतं, आणि ते उत्तर येताच ती छोटी चूक खरोखर पुसली जाते. क्वचित ‘जुळत नाही’ येतं. तेव्हा ती चूक पूर्ण वाढाची होते, म्हणजे नेमकी जागा शोधून उलटवता येते. मोजलं की अवस्था मोडते, या ज्या गोष्टीने एवढा वेळ घाबरवलं, तीच दुरुस्तीचं हत्यार ठरते. शोर यांच्याआधी हे कुणाला नीटसं दिसलं नव्हतं.

## तपासणारेच चुकले तर?

चुकतातच. तेही क्युबिटच, तेवढेच नाजूक. पथकात वादक वरचेवर चुकत असतील आणि कार्यकर्तेही भलत्याकडे बोट दाखवत असतील, तर माणसं वाढवून गोंधळच वाढेल. चुकांचं प्रमाण पुरेसं कमी असेल तरच मोठं पथक छोट्यापेक्षा जास्त वेळ ठेका धरून ठेवेल. या सीमारेषेला थ्रेशोल्ड म्हणतात. सरफेस कोडसाठी ती दर क्रियेमागे सुमारे १ टक्का चुकांच्या आसपास आहे.

जवळजवळ तीन दशकं हा फक्त सिद्धांत होता. २०२३ मध्ये गुगलने मोठी जाळी लहान जाळीपेक्षा किंचित बरी ठरल्याचं दाखवलं, पण फरक इतका निसटता होता की कुणी आनंदाने उडी मारली नाही. विलोने मात्र सीमा स्पष्टपणे ओलांडली. जाळीची बाजू ३ वरून ५ आणि ५ वरून ७ क्युबिट केली, तेव्हा प्रत्येक पायरीला तार्किक चूक २.१४ पटीने घटली. ७ च्या जाळीला १०१ क्युबिट लागले: ४९ माहितीचे, ४८ तपासणारे, ४ साफसफाईचे. या जाळीने माहिती २९१ मायक्रोसेकंद राखली. तिच्यातला सर्वांत चांगला एकटा क्युबिट ११९ मायक्रोसेकंदच टिकत होता. म्हणजे कच्च्या भागांपासून, त्या सगळ्यांपेक्षा टिकाऊ वस्तू तयार झाली.

तपासणीची एक फेरी सुमारे १.१ मायक्रोसेकंदाची. प्रत्येक फेरीत ४८ उत्तरं बाहेर येतात आणि शेजारचा साधा संगणक त्यांवरून चूक कुठे झाली याचा अंदाज बांधतो. तो मागे पडला तर न सोडवलेली उत्तरं साचत जातील आणि सगळं मुसळ केरात. म्हणून क्वांटम स्मृती म्हणजे माहिती कोपऱ्यात ठेवून देणं नव्हे. ती सेकंदाला सुमारे नऊ लाख वेळा चालणारी दुरुस्ती आहे. थांबली की माहिती गेली.

## हार्ड डिस्कला हे का करावं लागत नाही?

कारण तिची दुरुस्ती पदार्थच करतो. डिस्कवरच्या एका बिटमध्ये असंख्य अणुचुंबक एकाच दिशेला असतात. उष्णतेने एखादा उलटला तर शेजारी त्याला ओढून जागेवर आणतात. वीज नको, तपासणी नको.

अशी आपोआप सावरणारी क्वांटम स्मृती बांधता येईल का? सेर्गेई ब्रावी आणि बार्बरा तेरहाल यांनी २००९ मध्ये दाखवलं की सपाट, दोन मितींच्या जाळीत, या प्रकारच्या कोडच्या मोठ्या वर्गासाठी ते शक्य नाही. चार मितींत मात्र कागदावर छान जमतं! आपल्या वाट्याला तीनच आल्या आहेत, आणि तिथे समाधानकारक रचना अजून कुणाला सापडलेली नाही.

## तासभर टिकणारा अणू असताना हा खटाटोप कशाला?

बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठात २०२१ मध्ये यटर्बियमच्या एकाच आयनात (विद्युतभार असलेल्या अणूत) क्वांटम अवस्था तासाहून जास्त वेळ टिकेल, असा अंदाज मोजमापांवरून निघाला. त्याआधी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या गटाने युरोपियम मिसळलेल्या स्फटिकात ६ तासांपर्यंत मजल मारली होती. मग मायक्रोसेकंदांवर कसली मारामारी?

जो अणू परिसराशी बोलत नाही, तो आपल्याशीही पटकन बोलत नाही. आयनांमधली एक क्रिया अतिवाहक क्युबिटच्या तुलनेत शेकडो पटींनी संथ असते. अतिवाहक क्युबिटची क्रिया २५ ते ५० नॅनोसेकंदांत उरकते. म्हणून आयुष्य आणि एका क्रियेला लागणारा वेळ यांचं गुणोत्तर बघावं लागतं, आणि त्या हिशेबात आयन खरंच मजबूत स्पर्धक आहेत. आज कुणाची पद्धत जिंकेल हे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

याच कारणाने आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनबद्दल एक गोष्ट खटकते. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या या योजनेचं ठळकपणे सांगितलं जाणारं उद्दिष्ट ८ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्युबिटचे संगणक असं आहे. मिशनमध्ये पदार्थ आणि उपकरणांसाठी स्वतंत्र केंद्र आहे, मोजमापाचं केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे, हे चांगलंच. पण मथळ्यात जाणारा आकडा मोजणीचा आहे, टिकण्याचा नाही.

## मग माझ्या बँकेचं काय?

बँकेचे व्यवहार आणि संदेश ज्या कुलुपांवर अवलंबून आहेत त्यांतलं आरएसए हे एक मोठं कुलूप. शोर यांची १९९४ ची रीत ते उघडू शकते. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही न जुमानणाऱ्या नव्या कुलुपांची पहिली तीन मानकं प्रसिद्ध केली, आणि बदल सुरू झाला आहे. आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडला जाऊ शकतो, म्हणून ही घाई रास्त आहे.

पण तो ‘उद्या’ किती लांब? गुगलच्याच क्रेग गिडनी यांनी मे २०२५ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार २०४८ बिटचं आरएसए फोडायला दहा लाखांहून कमी भौतिक क्युबिट आणि आठवड्याहून कमी वेळ लागेल. २०१९ मध्ये त्यांचाच अंदाज दोन कोटी क्युबिटचा होता. आठवडाभर स्मृती शाबूत राहायची, तर विलोच्या २९१ मायक्रोसेकंदांपेक्षा सुमारे दोन अब्ज पट टिकाऊपणा हवा. ऐकायला अशक्य वाटतं. मात्र जाळीच्या प्रत्येक पायरीला २.१४ ने गुणलं जात असेल, तर साधारण २९ पायऱ्यांत दोन अब्ज ओलांडले जातात. क्युबिटचा दर्जा सुधारला तर गुणक वाढतो आणि पायऱ्या आणखी कमी होतात. आशा ठेवणारे लोक या गुणाकाराकडे बोट दाखवतात.

त्याला एक अट आहे. चुका सुट्यासुट्या झाल्या पाहिजेत. गुगलने त्याच कामात एक सोपा, फक्त एका जातीच्या चुका पकडणारा कोड २९ क्युबिटच्या लांबीपर्यंत वाढवून बघितला. तिथे चूक घटता घटता एका पातळीला येऊन अडकली, कारण साधारण तासातून एकदा अनेक क्युबिट एकदम बिघडवणारा लोंढा येत होता. जाळी वाढवून त्याच्यावर मात होत नाही, त्याचं मूळ चिपमध्येच शोधून बुजवावं लागतं. ते तसंच राहिलं, तर आठवडाभराच्या हिशेबात असे लोंढे १६८ वेळा येतील, आणि उत्तर बिघडवायला त्यांतला एकही पुरेल.